दुसऱ्याच्या नावाखाली आत्या

माझी आत्या आमच्या गावातल्या निम्म्या घरांची लांबची नातेवाईक लागते. रक्ताचं नातं म्हणाल तर ते फक्त माझ्या वडिलांशी. बाकी सगळा गोतावळा ढेकणांनी जमवून दिलेला आहे.

आत्या ढेकूण मारते. झुरळं, मुंग्या, वाळवी हेही बघते, पण त्यात तिचा जीव रमत नाही. "झुरळ काय, चपलेनं कुणीही मारतं," असं ती तुच्छतेनं म्हणते. ढेकूण म्हटलं की मात्र बाईला हुरूप येतो. गादीच्या शिवणीवर टॉर्च धरायचा, काळे ठिपके बघायचे आणि घरात कोण कुठल्या कुशीवर झोपतं ते घरच्यांनाच सांगायचं, हा तिचा आवडता खेळ. घरच्यांना तो अजिबात आवडत नाही. पण त्या वेळी तिला गप्प करण्याची कुणाची टाप नसते.

आता ढेकूण ही अशी गोष्ट आहे की झाले तर कुणी कुणाला सांगत नाही. लोक आपलं ऑपरेशन टाके मोजून वर्णन करतात, भाऊबंदकी चव्हाट्यावर मांडतात, जावयाची सगळी व्यसनं पाहुण्यांना ऐकवतात. पण ढेकूण? तोंडाला कुलूप. म्हणून आत्याच्या गाडीवर एक अक्षर लिहिलेलं नाही आणि ती गाडी गिऱ्हाइकाच्या दारात कधी लागत नाही, मागच्या गल्लीत लागते. फवारणीचा पंप, वाफेचं यंत्र, औषधाच्या बाटल्या असा सगळा सरंजाम एका मोठ्या प्रवासी बॅगेत. आत्या चांगले कपडे करून, खांद्याला पर्स लावून दारात उभी राहते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ओरडते, "किती वर्षांनी गं भेटतोय!" मागे आतोबा बॅग ओढत, लांबच्या प्रवासाने शिणल्यासारखा चेहरा करून. तो चेहरा करायला त्यांना फारसे कष्ट पडत नाहीत, लग्नापासून तो तसाच आहे.

काम झालं की नातं संपलं. ज्या बाईच्या पलंगाखाली आत्या सबंध दुपार पालथी पडून होती, ती बाई बाजारात समोर आली की कोबीकडे इतकं निरखून बघायला लागते की बिचाऱ्या कोबीलाच अवघडल्यासारखं व्हावं. एक सद्गृहस्थ तर आत्याला बघून दवाखान्यात शिरले आणि शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तो जनावरांचा आहे. आत्या वर वर हसते. "धंदाच तसा आहे, त्यांचा काय दोष?" म्हणते. पण त्या संध्याकाळी घरात भांडी जरा जास्तच वाजतात. तिला ते लागतं. मला माहीत आहे आणि आतोबांनाही माहीत आहे, पण आम्ही दोघंही भांड्यांच्या आवाजाबद्दल बोलत नाही.

या लपवाछपवीमुळे आणखी एक पंचाईत होते. शिंप्याचं, सुताराचं काम आवडलं तर लोक चार जणांना त्याचं नाव सांगतात. आत्याचं काम कितीही आवडलं तरी तिचं नाव कोण सांगणार? सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच, "तुमच्याकडे कशाला आल्या होत्या?" त्यामुळे आत्याचं पोट एकाच गोष्टीवर चालतं: लोक गुपचूप फोनमध्ये शोधतात तेव्हा वर दिसणारी जाहिरात. असल्या जाहिराती लावून देणं हे माझं काम. दोन दंतवैद्य, एक केकवाली, एक गाडी शिकवणारा आणि फुकटात आत्या, अशी माझी गिऱ्हाइकं.

गेल्या वर्षी गावात 'निवांत' आली. ही कीटक मारणारी बडी कंपनी. पोरांना हिरवे गणवेश, गाडीवर झोपलेल्या बाळाचं चित्र आणि जिकडेतिकडे फलक. एवढा गाजावाजा केला की घरात ढेकूण झालेला माणूस फोनमध्ये 'ढेकूण' लिहीनासा झाला, सरळ 'निवांत' लिहायला लागला. लिहायला बरंही वाटतं म्हणा. बायकोनं फोन बघितला तरी हरकत नाही. ते नाव त्यांनी रीतसर नोंदवून ट्रेडमार्क करून घेतलं होतं. आत्याचे फोन आटले.

मी तिला एक वाट दाखवली. जाहिरात लावताना आपण फोनमध्ये जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीला शब्दांची एक यादी देतो. कुणी त्यातला शब्द शोधला की आपली जाहिरात वर येते. त्याला म्हणतात कीवर्ड. ही यादी गिऱ्हाइकाला दिसत नाही. तिच्यात दुसऱ्याचं नोंदवलेलं नाव घातलं तर ती जाहिरात कंपनी हरकत घेत नाही. मात्र तेच नाव जाहिरातीच्या मजकुरात दिसलं आणि नावाच्या मालकानं तक्रार केली, की मग आपली धडगत नाही.

"म्हणजे माझ्यासारखंच की," आत्या म्हणाली. "घरात शिरायचं, पण आपण कोण ते बोलायचं नाही."

"अगदी तसंच."

"मग घाल ते 'निवांत' यादीत."

घातलं. फोन वाजायला लागले. इथवर सगळं ठीक होतं. पण आत्याला कुठलीही चांगली चाललेली गोष्ट सुधारल्याशिवाय राहवत नाही. एका दुपारी तिनं स्वतःच खातं उघडलं आणि तिला एक सोय सापडली. जाहिरातीच्या ठळक ओळीत एक जागा रिकामी सोडता येते आणि माणसानं जो शब्द शोधला असेल, तो यादीतून उचलून यंत्र आपोआप तिथे भरतं. आत्या हरखली. दहा जाहिराती लिहायचा त्रास वाचला! तिनं एकच ओळ लिहिली. आधी रिकामी जागा आणि पुढे: 'आजच, घरपोच!'

झालं. दुसऱ्या दिवसापासून ज्यानं 'ढेकूण' शोधलं त्याला ठळक अक्षरांत दिसायला लागलं: 'ढेकूण – आजच, घरपोच!' ज्यानं 'झुरळं' शोधलं त्याला झुरळं घरपोच. वाळवीसुद्धा घरपोच. एका गृहस्थांनी फोन करून अगदी गंभीरपणे विचारलं, "कमीत कमी किती घ्यावे लागतात?" लोक हसत हसत फोन करत होते, पण करत होते, त्यामुळे आत्याला त्यात काही वावगं दिसेना. मला तिनं ताकास तूर लागू दिली नाही. आणि यादीत 'निवांत' होतंच. तिथे दिसत होतं: 'निवांत – आजच, घरपोच!' खाली नंबर आत्याचा.

वकिलाची नोटीस आली तेव्हा मला हे समजलं. मी कपाळावर हात मारला आणि आधी ती रिकामी जागा बुजवून साधी ओळ लिहिली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. नोटिशीत म्हटलं होतं की बाईंनी आमचं नाव चोरलं आहे. त्यांनी आमच्या कार्यालयात येऊन तसं कबूल करून लेखी माफी मागावी आणि लपवलेल्या यादीतूनही नाव काढावं. नाहीतर तक्रार करून त्यांचं जाहिरातीचं खातं कायमचं बंद पाडू.

"बंद पडलं तर काय होईल?" आतोबांनी विचारलं. ते सहसा काही विचारत नाहीत.

"तर आत्या आहे हे कुणाला कळणारच नाही," मी म्हणाले.

आत्याचा मात्र वेगळ्याच शब्दावर तिळपापड झाला होता. "चोर? मी? अगं, लोकांच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या हातात असतात! घरातली माणसं बाहेर जातात आणि मी एकटी आत असते! यादीतून नाव काढा म्हणाले तर काढीन एक वेळ. चोरी केली असं लिहून देणार नाही. बंद पाडू देत खातं."

"मग खाणार काय?"

"ते मला विचारू नकोस."

हा पेच तसाच असताना एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही, आत्यानं विचारलं नाही. ते तिच्या शिस्तीत बसत नाही. पत्ता दिला, दुपारी या म्हणाली, घरी मी एकटीच असेन. आतोबांची नेमकी पाठ धरली होती, म्हणून बॅग ओढायला मी गेले. लांबच्या नातेवाइकाची भाची.

चांगलं ऐसपैस घर होतं. बाई उंच, शांत, हातावर लाल गांध्यांची रांग. आत्यानं झोपायच्या खोलीत जाऊन पलंग भिंतीपासून सरकवला, टॉर्च मारला आणि तिचा चेहरा खुलला. "डाव्या बाजूला झोपतं कोण? त्यांना जास्त चावतात."

"माझे मिस्टर," बाई म्हणाल्या. "पण ते मानत नाहीत. उष्णता आहे म्हणतात. रोज सब्जा पितात."

आत्यानं शिवणीत वाफ सोडली. फवारणीला लागणार इतक्यात, बोलायचं म्हणून मी बाईंना विचारलं, "आमचा नंबर कुठे मिळाला?"

"नवऱ्याच्या कंपनीचं नाव शोधलं. वर तुमचंच आलं. 'निवांत' आमचीच."

माझ्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. आत्याचा हातही क्षणभर थांबला, पण तोंडावरची रेघ हलली नाही.

"आपल्याच माणसांना बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कार्यालयात झालं असतं," बाई सांगत होत्या. "साहेबांच्या गादीत ढेकूण! आणि यांना सांगायची सोय नाही. आमच्या घरात ढेकूण शक्यच नाहीत, असं म्हणतात. तुमचं म्हणाल तर रोज जेवताना हे तुमच्या नावानं खडे फोडतात. आमचं नाव शोधलं की त्या बाईची जाहिरात वर येते, असं इतक्यांदा ऐकलं की म्हटलं, बरं झालं, सापडायला सोपं."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी कोण गप्प बसलं असतं? मी तोंड उघडलं: "अहो, पण तुमच्या मिस्टरांनी तर आम्हाला..." आणि आत्यानं माझ्या पायावर पाय दिला. सगळं वजन टाकून. तिचं वजन कमी नाही.

गाडीत बसल्यावर मी फणफणले. "एक वाक्य, आत्या! त्या बाईंना एक वाक्य बोलली असतीस तर नोटीस गेली असती. नाहीतर साहेबांना जाऊन सांग, तुमच्या गादीतले मी मोजून आलेय म्हणावं. माफी तोच मागेल!"

"गिऱ्हाइकाच्या घरी आपलं रडगाणं गायचं नाही," आत्या म्हणाली. "आणि एका घरातलं दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. एवढं एकच तर माझ्याकडे आहे. ते विकलं तर मग मी खरंच चोर."

मी पाय चोळत बसले.

नोटिशीत दिलेल्या दिवशी आम्ही 'निवांत'च्या कार्यालयात गेलो. काचेची खोली, हिरव्या खुर्च्या, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. साहेब गोरेगोमटे, घाईचे, आणि बोलता बोलता डावा दंड खाजवणारे. शेजारी वकील, नखशिखांत इस्त्रीचा. त्यानं माफीनामा पुढे सरकवला.

मी माझी बाजू मांडली. मजकुरात नाव आलं ते चुकीनं, नोटीस आली त्याच दिवशी काढलं. यादीत नाव घालायला जाहिरात कंपनीची मनाई नाही. वकील म्हणाला, "मनाई नसेल, पण आम्ही कोर्टात जाऊ शकतो," आणि कोर्टात काय होईल हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

"ते मला काही सांगू नका," साहेब म्हणाले. "बाई, आम्ही वर्षभर राबून नाव केलं. तुम्ही त्या नावाच्या सावलीत दुकान मांडलंत. याला साध्या भाषेत चोरी म्हणतात. सही करा."

खरं सांगू? त्या एका वाक्यात थोडं तथ्य होतं, आणि म्हणूनच माझ्या अंगाची आग झाली. मी आत्याकडे बघितलं. आता तरी बोल. साहेब दंड खाजवत होते, पुरावा समोर होता! आत्या म्हणाली, "नाव काढते. 'चोरी' हा शब्द असलेल्या कागदावर सही करणार नाही."

"मग तक्रार आजच जाईल." साहेबांनी वकिलाला खूण केली.

वकील खाकरला. "तक्रारीवर नावाच्या मालकाची सही लागेल."

"आणा, मी करतो."

"कागदोपत्री मालक बाईसाहेब आहेत. नोंदणीच्या वेळी तुम्हीच तसं करायला सांगितलं होतं."

साहेब चिडले, पण करतात काय? घरी फोन केला. घर जवळच होतं. थोड्या वेळानं त्या उंच, शांत बाई दारात उभ्या राहिल्या. आम्हाला बघून जागच्या जागी थबकल्या.

आत्या उठली, हात जोडले. "नमस्कार. आपली ओळख नाही."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. बाई बसल्या, त्यांनी नोटीस वाचली, माफीनामा वाचला, तक्रार वाचली. 'चोरी' या शब्दावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?" साहेब उडालेच. "तुला काय माहीत या बाईंबद्दल?"

आत्यानं डोळ्यांनीच त्यांना नको म्हटलं. मी बघितलं. बाईंनीही बघितलं आणि दुर्लक्ष केलं.

"यांना मी ओळखते," त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "आपल्या पलंगातले ढेकूण यांनीच काढले. चांगलं काम केलं. फवारणी चालली होती तेव्हा घर सगळं त्यांच्यावर टाकून मी तासभर बाहेर गेले होते, एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. यांना चोर म्हणायचं असेल तर माझ्या नावाखाली नाही म्हणायचं."

मग खुर्ची घासल्याचा आवाज आला. वकिलानं आपली खुर्ची साहेबांपासून हातभर लांब घेतली होती. घेऊन झाल्यावर त्यानं पँटची इस्त्रीही झटकली.

"ढेकूण?" साहेबांचा आवाज चिरकला. "आपल्या घरात?"

"मग तो सब्जा कशावर चालला होता, अहो?"

दारापाशी हिरव्या गणवेशातला एक जण कागद घेऊन उभा होता. तो कागद न देताच वळला आणि गेला, आणि कार्यालयाच्या त्या टोकापर्यंत बातमी त्याच्यापेक्षा आधी पोहोचली असावी, कारण तिकडून हसू ऐकू आलं. साहेबांनी डोकं हातात धरलं. आता तक्रार, माफी, खातं, कशातच त्यांचं लक्ष उरलं नव्हतं. बाईंनी माफीनामा आणि तक्रार दुमडून पर्समध्ये टाकले आणि आत्याला विचारलं, "अंड्यांसाठी दुसरी फेरी करावी लागेल म्हणाला होतात. कधी येता?"

जिला एकाला चार उत्तरं सुचतात ती माझी आत्या एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगाल तेव्हा."

खाली रस्त्यावर आल्यावर मी नाचायचीच बाकी होते. खातं वाचलं, यादी वाचली, वर मालकिणीचीच हरकत नाही! आत्या मात्र कडेच्या कठड्यावर बसली.

"इतकी वर्षं झाली," ती म्हणाली. "एकानं रस्त्यात ओळख दाखवली नाही. आणि हिनं नवऱ्यासमोर सांगितलं. वकिलासमोर. मी नको म्हणत होते तरी." तिनं नाक ओढलं. "मला फार बरं वाटलं गं."

मी तिच्याशेजारी बसले. मलाही बरं वाटत होतं.

"ते 'निवांत' यादीतून काढ," ती म्हणाली.

"अगं, वेडी का तू? जिंकलो आपण!"

"म्हणूनच काढ. आता ते तिचं नाव आहे. नवऱ्याचं होतं तोवर मला काही वाटत नव्हतं."

"आणि त्या जागी काय घालू?"

"माझं घाल."

"तुझं नाव?" मी हसले. "आत्या, तुझं नाव कुणाला ठाऊक आहे? कोण शोधणार ते?"

"एक जण तरी शोधेल," आत्या म्हणाली आणि उठून गाडीकडे चालायला लागली.

मी 'निवांत' काढलं आणि आत्याचं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. कोणता शब्द कितीदा शोधला गेला ते मला खात्यात दिसतं. पहिल्या आठवड्यात तिचं नाव बऱ्याच वेळा शोधलं गेलं होतं आणि ते सगळे शोध आमच्याच घरातून झाले असणार, हे मी तिला बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या नावावरून चार अनोळखी बायकांचे फोन आले. चौघींनीही आपलं नाव सांगितलं नाही. आत्याचं नाव कुणाकडून कळलं ते मात्र चौघींनी सांगितलं.